परसबागेचा जमाखर्च

आठवड्याचा बाजार भरला की आसपासच्या दहा-पाच खेड्यांतील माणसे पिशव्या घेऊन बाजारगावाची वाट धरतात. संध्याकाळी परतताना मीठ, तेल, साबण यांच्या जोडीला पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, अर्धा किलो टोमॅटो आणि थोडी वांगी असतात. ही भाजी दोन दिवस पुरते, तिसऱ्या दिवशी कोमेजते आणि आठवड्याचे उरलेले दिवस डाळ, चटणी किंवा बटाट्याचा रस्सा यांवर निभावून न्यावे लागतात. त्याच घराच्या मागील दारी मात्र न्हाणीचे पाणी वाहून चिखल झालेला असतो, उकिरड्यावर शेण उन्हात वाळत असते आणि गुंठा-अर्धा गुंठा जागा गाजरगवताने व्यापलेली असते. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणीचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

परसात भाजी लावा, हा उपदेश आपल्या देशात नवा नाही. १९४२ साली ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि ग्रामसेवक खेडोपाडी जाऊ लागले. १९६० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने पोषण कार्यक्रम आला व त्यात घरच्या आणि शाळेच्या बागांना महत्त्वाचे स्थान मिळाले. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले, तेव्हा हीच कल्पना ‘पोषण वाटिका’ या नावाने पुन्हा पुढे आली. आठ दशके सांगूनही परस ओसाडच राहत असेल, तर दोष केवळ ग्रामस्थांच्या आळसाला देऊन चालणार नाही. उपदेश पुष्कळ झाला, हिशेब मात्र थोडा झाला. शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो : ‘हे परवडते का?’ या प्रश्नाचे उत्तर वही-पेन्सिल घेऊन, जमेची व खर्चाची अशा दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडून शोधावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

किती जागेत किती भाजी?

प्रथम गरज किती ते पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. त्यात बटाटा धरलेला नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला या मानाने रोज दोन किलो, म्हणजे वर्षाला ७३० किलो भाजी लागते. घरात लहान मुले असतील तर गरज काहीशी कमी धरावी.

आता जागेकडे वळू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा तुकडा. मेट्रिक मापात सुमारे १०० चौरस मीटर. त्यातून पायवाटा, पाण्याचे पाट व कडेची झाडे वगळली तर वाफ्यांसाठी सुमारे ७० चौरस मीटर जागा उरते. आपल्या देशात भाजीपाल्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे १८ टन आहे. हे प्रमाण चौरस मीटरला एक किलो आठशे ग्रॅम इतके पडते. या सरासरीत बटाटा व कांदा हेही आले आहेत, तेव्हा परसासाठी ती केवळ एक अंदाजाची काठी समजावी. त्या काठीने मोजले तर ७० चौरस मीटरांतून एका हंगामात १२६ किलो भाजी मिळावी. पावसाळा व हिवाळा या दोन हंगामांची मिळून २५२ किलो होते. उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून एक तृतीयांशच वाफे लावले तर आणखी ४० किलो. वर्षाची बेरीज ढोबळमानाने ३०० किलो होते.

कुंपणावरचे वेल, शेवगा, पपई व कढीलिंब यांचे उत्पन्न या बेरजेत धरलेले नाही. शेळी, वानर, कीड आणि घरधन्याचा विसरभोळेपणा यांनी होणाऱ्या नुकसानीपोटी ते सोडून देणे शहाणपणाचे. पहिल्या वर्षी तर हात बसलेला नसतो आणि जमीनही कसदार झालेली नसते. त्या वर्षी दोन तृतीयांश, म्हणजे २०० किलोच धरावे.

तात्पर्य, एक गुंठा नीट राखला तर पाच माणसांच्या भाजीच्या गरजेचा सुमारे चाळीस टक्के भाग घरीच भागतो आणि दोन गुंठ्यांत बहुतांश गरज भागते. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा विचार मांडला होता व प्रत्येक चौरस फुटावर पडणाऱ्या उन्हाचाही हिशेब ठेवावयास शिकविले होते. आपली मागणी त्या मानाने फारच माफक आहे.

रुपयांचा हिशेब

भाजीचा भाव गावोगावी व ऋतूऋतूंत बदलतो. हिशेबापुरता तो सरासरी किलोला ३० रुपये धरू. वाचकांनी तेथे आपल्या बाजारातील भाव घालून पाहावा. या दराने पहिल्या वर्षीच्या २०० किलो भाजीची किंमत ६,००० रुपये आणि पुढील वर्षांच्या ३०० किलोची ९,००० रुपये होते.

खर्चाची बाजू अशी धरू. बियाणे व रोपे ६०० रुपये. कुंपणासाठी बांबू, जाळी व दोरी १,२०० रुपये. खुरपे व झारी ५०० रुपये. निंबोळी पेंड व इतर किरकोळ ३०० रुपये. पहिल्या वर्षाचा खर्च २,६०० रुपये झाला. दुसऱ्या वर्षापासून अवजारे घरात असतात, निम्मे बियाणे घरचे असते आणि कुंपणाची केवळ डागडुजी करावयाची असते; तेव्हा खर्च ९०० रुपयांवर येतो. म्हणजे पहिल्या वर्षी ३,४०० व दुसऱ्या वर्षी ८,१०० रुपये नफा झाला, असे कागदावर दिसते.

परंतु येथेच थांबून एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. ही सर्व भाजी आपण एरवी विकत घेतली असती काय? बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ असे येईल. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण भागातील दरडोई दरमहा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आढळला आणि त्यातील सुमारे सहा टक्के वाटा भाज्यांचा होता. म्हणजे माणशी महिन्याला अडीचशे रुपयांच्या आसपास, व त्यातही बटाटे-कांदे आले. परसातून येणाऱ्या भाजीपैकी निम्मी भाजी बाजारातून येणाऱ्या भाजीची जागा घेते व निम्मी पूर्वी ताटात येतच नव्हती, असे धरणे वास्तवाला धरून होईल.

या दृष्टीने रोख बचत मोजली तर चित्र पालटते. पहिल्या वर्षी ३,००० रुपयांची खरेदी वाचते, २,६०० रुपये खर्च होतो आणि हाती अवघे ४०० रुपये राहतात. दुसऱ्या वर्षी ४,५०० रुपये वाचतात, ९०० खर्च होतात आणि ३,६०० रुपये, म्हणजे महिना ३०० रुपये शिल्लक पडते.

पुष्कळशा परसबागा दुसरा पावसाळा का पाहत नाहीत, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे. पहिले वर्ष हे जवळजवळ तोंडमिळवणीचे वर्ष असते. ‘एवढे करून मिळाले काय?’ असे म्हणून माणूस खुरपे टाकतो, आणि नफ्याचे वर्ष येण्यापूर्वीच बाग उजाड होते. जो आरंभीच हे जाणतो तो निराश होत नाही. तसेच, जो आरंभीच लोखंडी तारेचे कुंपण, सिमेंटचे हौद आणि नळ्यांचे जाळे यांवर दहा-बारा हजार रुपये घालतो, त्याच्या बागेला ते भांडवल फेडता फेडता वर्षानुवर्षे लागतात. परसबागेला भांडवल जितके थोडे, तितका नफा अधिक.

ताटात पडणारी जमा

राहिलेली निम्मी भाजी, जी पूर्वी ताटात येतच नव्हती, तिची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? रोकडवहीत तिला स्थान नाही. पण घराच्या दृष्टीने तीच जमेची मोठी बाजू आहे. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. हे आकडे त्यापूर्वीच्या पाहणीपेक्षा वाढलेले होते.

केवळ परसातील पालेभाजीने रक्तक्षय नाहीसा होतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. जंत, मलेरिया, वारंवारची बाळंतपणे व आहारातील इतर उणिवा हीही त्याची कारणे आहेत, आणि आरोग्यसेविकेने दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना भाजी हा पर्याय नव्हे. तथापि, रोजच्या ताटात माठ, शेवग्याचा पाला, चाकवत, अंबाडी यांपैकी काहीतरी असणे आणि आठवड्यातून दोनदाच असणे यांत पुष्कळ अंतर आहे. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तीतील लोह अंगी अधिक लागते. थोड्या तेलाची फोडणी दिली तर डोळ्यांना हितकर असे ‘अ’ जीवनसत्त्वाचे घटक अधिक शोषले जातात. म्हणून बागेच्या कोपऱ्यात लिंबाचे एक झाड असावे. विकत घ्यावयाच्या भाजीत गृहिणी आधी भाव पाहते. परसात गेल्यावर ती काय तयार झाले आहे ते पाहते. या एका फरकाने घरातील खाणे बदलते.

आणखी एक रकाना आपल्या वडीलधाऱ्यांनी पूर्वीपासून ठेवलेला आहे. सूनबाई दारच्या दोडक्यांचा भाव करू लागली तर सासूबाई म्हणतील, ‘अगं, वेलावरचं पहिलं फळ देवाला आणि दुसरं शेजारणीला. विकायचं ते तिसऱ्यापासून.’ शेजारणीकडे गेलेला दोडका पुढे ताकाच्या लोट्याच्या किंवा अडीअडचणीच्या मदतीच्या रूपाने परत येतो. या देवघेवीला किंमत नाही असे कोण म्हणेल?

श्रम कोणाचे?

आता खर्चाच्या बाजूची जी नोंद आपण सहसा गाळतो, तिच्याकडे वळू. गुंठाभर बागेला रोज सरासरी पाऊण तास तरी द्यावा लागतो. वर्षाचे सुमारे २७४ तास, म्हणजे आठ तासांचे ३४ दिवस झाले. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने या श्रमाची किंमत १०,००० रुपयांच्या वर जाते. दुसऱ्या वर्षीचा कागदावरचा सगळा नफाही ८,१०० रुपयांचा आहे. पूर्ण मजुरी लावली, तर परसबाग तोट्यात आहे!

हे वाचून कोणी दचकू नये. पहाटेची पंधरा मिनिटे व तिन्हीसांजेची अर्धी घटका बाजारात कोणी विकत घेत नाही. ती सुटी मिनिटे आहेत आणि त्यांना अन्य गिऱ्हाईक नाही, म्हणूनच परसबाग परवडते. परंतु ही मिनिटे कोणाची, हे पाहिल्यावाचून हा युक्तिवाद पुरा होत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय समय-विनियोग पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात. तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे जातात. पाणी, चूल, मुले, गुरे आणि शिवाय शेतावरची मजुरी हे सर्व सांभाळणाऱ्या बाईच्या पदरात आणखी पाऊण तास टाकून ‘पाहा, फुकट भाजी मिळाली’ असे म्हणणे म्हणजे खर्च लपवून नफा दाखविण्यासारखे आहे.

तेव्हा श्रमाची वाटणी ही परसबागेची पहिली अट समजावी. खणणे, खत वाहणे, कुंपण व मांडव घालणे ही कामे पुरुषांनी करावीत. पाणी घालणे व अळ्या वेचणे मुलांना आवडते. पेरणी, रोपांची निगा व तोडणी यांत घरातील बाईचा व म्हाताऱ्या माणसांचा अनुभव उपयोगी पडतो. दुसरी अट अशी की भाजी विकून चार पैसे आले तर ते तिच्याच हाती राहावेत. ते कोठे खर्च करावयाचे हे तिला नेमके ठाऊक असते.

नफा कोठे गळतो?

परसबागेला तोटा येतो तो बहुधा चार ठिकाणी : पाणी, खत, बियाणे आणि कीड.

पाणी विकत घेऊन किंवा दूरवरून डोक्यावर आणून बाग करू नये. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे मान ठरविले आहे. पाच माणसांचे २७५ लिटर होतात व त्यातील निम्म्याहून अधिक पाणी सांडपाणी म्हणून वाहून जाते. उन्हाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते; म्हणजे वर धरलेल्या एक तृतीयांश वाफ्यांना १२० लिटर पुरते. मोरीचे पाणी वाळू व खडी भरलेल्या खड्ड्यातून आणि कर्दळीच्या वाफ्यातून जाऊ द्यावे व मगच बागेत सोडावे. ते केळी, अळू, शेवगा व वेल यांच्या मुळाशी द्यावे. कच्च्या खावयाच्या कोथिंबीर-मुळ्यासारख्या भाज्यांवर कधीही शिंपडू नये. वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की एक दिवसाचे पाणी दोन दिवस पुरते.

खत म्हणजे उकिरडा नव्हे. उघड्या उकिरड्यातील कस उन्हाने उडून जातो व पावसाने वाहून जातो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा कुजविण्याची जी रीत शोधली, ती त्यांच्या नावावरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. जाळीदार भिंतींची, दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी ती टाकी एका परसाला मोठी पडते. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून ती बांधावी. एकट्या घराला सावलीतील तीन फूट खोल खड्डा पुरतो.

बियाण्याच्या बाबतीत संकरित वाणांचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. त्या फळांतून धरलेले बी मूळच्या गुणांचे निघत नाही. म्हणून परसात शक्य तेथे सरळ वाण लावावेत आणि वाल, घेवडा, भोपळा, दोडका, माठ यांचे बी घरीच धरावे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या व इतर पिकांच्या देशी वाणांचे बी असेच घरी जतन केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखेत घोळून मडक्यात ठेवणे हे जुन्या बायकांचे ज्ञान आहे, आणि ते बियाण्याचा निम्मा खर्च वाचविते.

किडीला औषध शोधण्याआधी डोळा हवा. वांग्याचा शेंडा माना टाकू लागला की तो खालून कापून नष्ट करावा. अळी आत असते. भेंडीची पाने पिवळी पडून शिरा उठून दिसू लागल्या तर तो केवडा रोग होय. असे झाड लगेच उपटावे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का अनामिका’ हा वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच तयार केलेला आहे. मावा, तुडतुडे दिसताच लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारावे. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके एकाच वाफ्यात पाठोपाठ घेऊ नयेत. त्यांच्यामागून घेवडा किंवा चवळी घ्यावी.

बारा महिन्यांची आखणी

परसबाग फसण्याचे आणखी एक कारण म्हणजे एकाच वेळी सर्व पेरणे. मग पंधरा दिवस मेथीच मेथी आणि पुढे दीड महिना काहीच नाही, अशी गत होते. वाफे चार फुटांहून रुंद नसावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. वाराला एक असे सात वाफे पाडले तर हिशेब सोपा होतो. पालेभाजीची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी करावी.

जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची आणि मांडवावर दोडका, कारले, पडवळ, काकडी लावावी. तांबडा भोपळा छपरावर चढवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, कोबी व घेवडा घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये थोड्याच वाफ्यांत माठ, चवळी, भेंडी व काकडी घ्यावी. मेथी व माठ महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात, तर भेंडी सात आठवड्यांत तोडणीला येते. शेवगा, कढीलिंब, लिंबू, पपई ही झाडे उत्तरेच्या बाजूला लावावीत, म्हणजे वाफ्यांवर त्यांची सावली पडत नाही.

हे वेळापत्रक दख्खनच्या हवामानाला धरून आहे. अन्य प्रांतांतील मराठी वाचकांनी शेजाऱ्यांच्या परसाकडे पाहून त्यात बदल करावा. आसामात ‘बारी’ म्हणजे सुपारी, केळी, बांबू, लिंबू व भाजी यांनी दाटलेला घराचा परिसर. छत्तीसगडातही घरामागच्या बागेला ‘बारी’च म्हणतात, आणि तेथे २०१९ पासून राबविलेल्या एका योजनेचे नावच ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ असे होते. नरवा म्हणजे ओढा, गरवा म्हणजे गुरे, घुरवा म्हणजे खतखड्डा. पाणी, गुरे, खत आणि बाग ही साखळी खेडुताच्या चार शब्दांत किती नेमकी आली आहे!

खावे की विकावे?

गुंठाभर बागेतील भाजी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जाणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जाण्यायेण्याचे भाडे व बुडालेला दिवस यांतच नफा संपतो. आधी घर, मग शेजार, आणि उरले तर गावातील शाळा, खानावळ किंवा दारावर येणारे गिऱ्हाईक, असा क्रम ठेवावा. विकावयाचेच असेल तर कोथिंबीर, कढीलिंब, लिंबू, शेवग्याच्या शेंगा यांसारखा हलका पण भाव असलेला माल विकावा. त्याहून चांगला धंदा रोपांचा. मृगापूर्वी व दिवाळीच्या सुमारास वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे साऱ्या गावाला हवी असतात. दोन वाफ्यांतील रोपे कधी कधी सहा वाफ्यांतील भाजीहून अधिक पैसे देतात. भोपळा, कारले, गवार यांचे पीक एकदम आले तर विकण्याऐवजी वाळवण व सांडगे करून ठेवावेत. उन्हाळ्यात वाफे रिकामे असताना तीच बाग डब्यातून पुन्हा ताटात येते.

भाजीचा खरा व्यापार करावयाचा असेल तर परस सोडून पुढे गेले पाहिजे, आणि तेही एकट्याने नव्हे. १९९८ साली केरळात स्थापन झालेल्या ‘कुटुंबश्री’ने त्याचा मार्ग दाखविला आहे. तेथील स्त्रियांच्या गटांनी पडीक जमिनी खंडाने घेऊन सामूहिक शेती केली. ओणमच्या सणाला घरची सूपभर भाजी असावी, अशी हाकही त्या राज्यात दिली गेली. कारण भाजीसाठी केरळला शेजारच्या राज्यांवर फार अवलंबून राहावे लागते. परसात शिकलेली विद्या या स्त्रियांना शेतात उपयोगी पडली.

ज्यांना परस नाही

हा लेख वाचून काही वाचक म्हणतील, ‘आमच्या घराला मागील दारच नाही, मग गुंठा कोठून आणावा?’ प्रश्न रास्त आहे. भाजीची ज्यांना सर्वाधिक निकड, त्यांच्याकडेच जागा सर्वांत थोडी, हे सत्य कोणत्याही हिशेबाने झाकता येणार नाही. अशा घरांनीही अगदीच हात टेकू नयेत. माती व खत भरलेल्या चार जुन्या गोणी, भिंतीच्या कडेचे एक आळे आणि छपरावर चढविलेला एक वेल यांतून मिरची, कोथिंबीर, पुदिना, माठ व भोपळा एवढे तरी मिळते. शेवग्याचे एक झाड शेंगा देतेच, शिवाय वर्षाचे बरेच महिने पाल्याची भाजी पुरविते. शाळा, अंगणवाडी, विहिरीचा काठ, ग्रामपंचायतीची मोकळी जागा येथे भूमिहीन घरांच्या बायकांना वाफे मिळावेत, असा आग्रह ग्रामसभेत धरला पाहिजे. १९७४ साली पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. रोपे, बियाणे व सल्ला यांसाठी जवळच्या केंद्राकडे जावे. मात्र फुकट मिळालेल्या बियाण्याच्या पुड्यावर विसंबून बाग सुरू करू नये. पुडा संपला की अशी बागही संपते.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. या पावसाळ्यात परसात पहिला वाफा कराल त्याच दिवशी दोन आण्यांच्या नव्हे, पण दहा-वीस रुपयांच्या एका वहीत तीन रकाने आखा : काय खर्च झाले, काय तोडले, कोणी किती वेळ दिला. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्या. वर्षअखेरीस घरातील सर्वांनी बसून बेरीज करा. पहिल्या वर्षी शिल्लक थोडी दिसली तर बाग मोडू नका. दुसरे वर्ष पाहा. तिसऱ्या रकान्यात एकाच व्यक्तीचे नाव पुन्हा पुन्हा आले असेल, तर पुढील वर्षी वाटणी बदला. आणि एक चौथा रकाना मनाशीच ठेवा : आठवड्यातील किती दिवस ताटात हिरवी भाजी होती? पूर्वी दोन होते, ते सहा-सात झाले असतील, तर तुमची बाग नफ्यात आहे.